टीव्ही नसलेल्या घरात पोरं करतात तरी काय?

भाकरीचं पीठ मळता मळता, वैरण टाकता टाकता, शिलाई मशीनवर बसल्या बसल्या जिथं असाल तिथून ऐका. आज विषय तसा साधा आहे, पण आमच्या गटांच्या बैठकीत त्यावर कर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त चर्चा होते. घरात टीव्ही नसेल, बिघडलेला असेल किंवा मुद्दाम बंद ठेवलेला असेल, तर शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत पोरं करतात तरी काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या आवाजात थोडी भीती असते. "बंद केला तर माझ्या डोक्यावर नाचतील," असं ती म्हणते. ती भीती खोटी नाही. टीव्ही हा आपल्या घरातला बिनपगारी सांभाळणारा आहे. चुलीवर डाळ, दारात दूधवाला, खाटेवर आजारी सासू आणि दोन वर्षांचं पोर पायात, अशा वेळी कार्टून लावून पोराला समोर बसवणाऱ्या आईला आम्ही नावं ठेवणार नाही. ते तिला सोयीचं म्हणूनच ती करते. टीव्ही बंद करा असं सांगणाऱ्या माणसानं त्या वेळेत पोराला कोण बघणार तेही सांगायला हवं. म्हणून आम्ही आमच्या गटांतल्या अशा घरांत जाऊन बसलो, जिथं टीव्ही नाही किंवा संध्याकाळी लागत नाही. बघितलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, टीव्ही बंद केल्यावर पहिले चार-पाच दिवस वाईट जातात. पोरं काहीच करत नाहीत. उंबऱ्यावर बसतात, भावंडाच्या खोड्या काढतात, "आई, मला कंटाळा आलाय" असं दर दहा मिनिटांनी सांगतात. इथं बहुतेक घरांत माघार घेतली जाते. ज्या आया त्या दिवसांत गप्प राहिल्या, त्यांच्या घरी साधारण आठवड्यानं चित्र बदललं. कंटाळलेलं पोर उठतं, परड्यात जातं, काहीतरी उचलतं. काय उचलेल ते सांगता येत नाही. एका घरात ते ज्वारीचं धाट होतं, दुसऱ्या घरात फाटलेली चप्पल होती. चपलेच्या रबरातून गोल चकत्या कापून त्या पोरानं गाडीची चाकं केली.

ज्वारीच्या धाटाचं थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण आपल्या भागात कडबा प्रत्येकाच्या दारात आहे. वाळलेल्या ताटाची साल सोलली की आत पांढरं, हलकं भेंड निघतं. ते बोटभर तुकड्यांत कापायचं आणि सालीच्याच बारीक काड्या टोचून एकमेकांना जोडायचं. दोरा नको, खिळा नको, डिंक नको. त्यातून बैलगाडी होते, बैल होतो, चष्मा होतो, पाळणा होतो. सालीची कड धारदार असते, बोट कापतं, तेवढं पहिल्यांदा जवळ बसून दाखवायला हवं. आम्ही बघितलं त्या घरात सातवीतला भाऊ आणि तिसरीतली बहीण दीड तास ह्या कामात होते. गाडीचा एक बैल मोठा झाला आणि एक लहान, म्हणून गाडी कलली. मग जू कुठं बांधायचं यावर वाद झाला. हा वाद म्हणजे शाळेत पुढं तरफ शिकवतात त्याचीच सुरुवात आहे. पण ते पोरांना सांगू नका. सांगितलं की त्यांचा खेळ संपतो आणि अभ्यास सुरू होतो.

पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी अनेक वर्षं हेच काम केलं. टाकाऊ वस्तूंमधून शेकडो खेळणी करून दाखवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा एक खेळ आमच्या गटातल्या पोरांना फार आवडला. आगपेटीच्या काड्या घ्यायच्या, गुल खरवडून टाकायचा, आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या बारीक रबरी नळीचे तुकडे सांधे म्हणून वापरायचे. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन केला तर लगेच तिरपा होतो. चौकोनात एक आडवी तिरकी काडी घातली की तोही घट्ट उभा राहतो. आपल्या पत्र्याच्या शेडच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे त्यातून कळतं. एका पोरानं खेळून झाल्यावर गोठ्याचं छप्पर बघून घेतलं आणि "पप्पा, इथं एक बांबू कमी हाय" असं वडिलांना सुनावलं.

आता घरात बसून खेळायच्या खेळांकडे येऊ. पावसाळ्यात अंगणात चिखल असतो, आणि बारक्या घरात दहा पायांना धावायला जागा नसते. त्या वेळी आमचा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे चल्लस-आठ. कुणी त्याला अष्टाचंगा म्हणतं. आपल्या आज्यांना विचारा, बहुतेकींना येतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि खेड्यांत टीव्ही यायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. म्हणजे आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायकांचं सगळं बालपण टीव्हीशिवाय गेलं. पोरं घरात काय करतात याचं उत्तर त्यांच्याकडे तयार आहे. आपणच त्यांना विचारत नाही.

खेळ असा. फरशीवर खडूनं पाच उभ्या, पाच आडव्या घरांचा चौकोन काढायचा, म्हणजे पंचवीस घरं. चारी बाजूंच्या मधल्या घरात फुली मारायची आणि अगदी मधोमधच्या घरातही फुली. बाजूच्या चार फुल्या ही चार खेळाडूंची घरं. प्रत्येकाला चार सोंगट्या. एकीला शेंगदाणे, एकीला बांगडीचे तुकडे, एकाला खडे, एकाला बटणं, जे हाताला लागेल ते. फासे म्हणून दोन चिंचोके मधोमध फोडायचे, त्याच्या चार फाका होतात. प्रत्येक फाकेची एक बाजू काळी, एक पांढरी. चारी फाका हातात घोळवून टाकायच्या. जितक्या पांढऱ्या वर, तितकी घरं चालायची. चारी पांढऱ्या पडल्या तर चार, म्हणजे चल्लस. चारी काळ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा एक डाव मिळतो.

सोंगटी आधी बाहेरच्या सोळा घरांतून फिरते, मग आतल्या आठ घरांतून उलट्या दिशेनं फिरते आणि शेवटी मधल्या फुलीत जाते. वाटेत दुसऱ्याची सोंगटी आपल्या टप्प्यात आली तर ती मारायची. मेलेली सोंगटी परत आपल्या घरी जाऊन पहिल्यापासून निघते. फुलीच्या घरात मात्र कुणी कुणाला मारू शकत नाही. आणि खरी गंमत पुढं आहे. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. त्यामुळं भित्रेपणानं नुसतं फुली ते फुली पळणारं पोर शेवटी बाहेरच अडकतं, आणि सारखं मारामारीच्या मागं लागलेल्याच्या सोंगट्या उघड्या पडतात. कधी थांबायचं, कधी पुढं जायचं हे प्रत्येक डावाला ठरवावं लागतं. पहिलीतलं पोर बोटांवर मोजतं, चौथीतलं मनात मोजतं, आणि आजी न मोजताच सोंगटी बरोबर जागी ठेवते. खेळायला चौघं लागतात, म्हणून आजी, नातवंडं, शेजारचं पोर असे सगळे एका पटावर येतात. वेगवेगळ्या वयाच्या माणसांना खरोखर एकमेकांविरुद्ध खेळता येईल असे खेळ फार थोडे आहेत. इथं आजीही हरते आणि चिडतेही.

सागरगोटे तुम्हाला माहीतच आहेत. काटेरी झुडपाच्या शेंगेतलं राखाडी, कडक, गुळगुळीत बी. कुठं त्याला गजगा म्हणतात. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचाही झेलायचा. मग दोन-दोन उचलायचे, मग तीन, मग सगळे एकदम. वर उडणाऱ्या गोट्यावर डोळा आणि जमिनीवर हात, हे ज्या पोरीला जमतं तिचा हात पुढं सुई-दोऱ्यावरही लवकर बसतो, असं आमच्या शिवणकाम करणाऱ्या ताई सांगतात. पोरांनीही हा खेळ खेळावा. "बायकी खेळ" म्हणून पोरं लाजतात, पण एकदा बसली की उठत नाहीत.

इथं एक काळजीची गोष्ट. तीन वर्षांच्या आतल्या पोरांच्या हाती चिंचोके, सागरगोटे, गोट्या, बटणं, शेंगदाणे काही देऊ नका. ती नाकात घालतात, घशात अडकवतात. मोठ्यांचा खेळ संपला की सोंगट्या मोजून डब्यात भरायच्या, ही शिस्त मोठ्या पोरांनाच लावा.

मग ह्या बारक्यांचं काय करायचं? खरी ओढाताण त्यांचीच असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी तर आणखी चांगलं. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं तेच आहे, दोन वर्षांच्या आत अजिबात नको. कारण सोपं आहे. पोर बोलायला शिकतं ते समोरच्या माणसाशी देवाणघेवाण करून. ते "बू" म्हणतं, आपण "भूक लागली का गं सोन्या?" म्हणतो, ते हसतं, आपण पुन्हा काहीतरी म्हणतो. टीव्ही बोलतो खूप, पण पोरानं काय म्हटलं ते त्याला ऐकू येत नाही.

म्हणून बारक्याला वेगळं बसवण्यापेक्षा आपल्या कामाजवळ पण आगीपासून लांब बसवायचं. कणकेचा गोळा द्यायचा. स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणं द्यायची, कुठलं झाकण कुठल्या डब्याला बसतं हा त्या वयाला अर्ध्या तासाचा उद्योग आहे. आणि आपण जे करतोय ते बोलत राहायचं. "आता मी कांदा चिरते, बघ डोळ्यात पाणी आलं." ऐकायला येडपट वाटतं, पण अंगणवाडीच्या ताई सांगतात की अशा घरातली पोरं लवकर बोलतात. घर लहान असेल आणि चूल खालीच असेल, तर हे जमत नाही, हेही खरं. तिथं घरातल्या दुसऱ्या माणसानं तेवढा वेळ पोर घ्यायला पाहिजे. घरात दुसरा माणूस असतोही. तो बहुतेक वेळा टीव्हीसमोर बातम्या बघत असतो.

आता आम्हाला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट सांगतो. आम्ही बैठकीत बायकांना विचारलं, की संध्याकाळी सात वाजता तुमचा मुलगा काय करत असतो आणि मुलगी काय करत असते. मुलगा मारुतीच्या देवळापुढं, पारावर, क्रिकेट, सायकल. मुलगी भांडी, धाकट्याला घेणं, पाणी भरणं, लसूण सोलणं. मग विचारलं, की ती बसते कधी. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक वहिनी म्हणाल्या, "मालिका लागली की बसते. सगळं घरच बसलेलं असतंय, मग तिला कोण उठवत नाही."

ह्या वाक्यावर आम्ही नंतर फार विचार केला. टीव्ही बंद केला की मुलाला खेळायला वेळ मिळतो आणि मुलीच्या हातात भाजीची पाटी येते. तिच्यासाठी टीव्ही हा करमणुकीपेक्षा जास्त काहीतरी होता. घरात रिकामं बसायची ती एकच परवानगी होती. ती काढून घेतली आणि बदल्यात काही दिलं नाही, तर पोरगी टीव्ही पुन्हा लागायचीच वाट बघणार. शिवाय मुलगी तेरा-चौदाची झाली की तिचं बाहेर खेळणं आपणच थांबवतो. तिच्या वयाचा भाऊ रात्री आठला घरी येतो तेव्हा आपण त्याला ताट वाढतो.

त्यामुळं आमच्या दोन गटांनी एक गोष्ट केली. टीव्ही बंद ठेवायच्या वेळेआधी काम वाटून घ्यायचं, आणि ते मुलगा-मुलगी न बघता. पाणी एकानं भरायचं, अंथरुणं एकानं घालायची, डाळ-तांदूळ दोघांनी निवडायचे. काम संपलं की दोघंही मोकळे. मुलगी पुस्तक घेऊन बसली किंवा नुसती खिडकीत बसली तरी तिला "जरा इकडं ये गं" अशी हाक मारायची नाही. ऐकायला सोपं आहे. हाक न मारणं हेच आम्हा बायकांना सगळ्यात जड गेलं. सवयीनं मुलीचंच नाव तोंडात येतं. मुलाच्या नावानं हाक मारली तर आजी आतून विचारते, "पोराला कशाला गं कामाला लावतीस?"

गैरहजेरीच्या दंडाचे पैसे गटात साठतात. त्यातून एका गटानं कॅरम बोर्ड घेतला, दोरीवरच्या उड्यांसाठी दोऱ्या घेतल्या आणि काही पुस्तकं आणली. कॅरम गटाच्या अध्यक्षांच्या सोप्यात असतो. मोठ्या मुलींना तिथं जायला कुणाची आडकाठी नसते, कारण बैठक तिथंच होते आणि ते घर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पहिल्या महिन्यात मुलांनीच बोर्ड बळकावला. मग दिवस वाटून दिले.

पुस्तकांचं म्हणाल तर आपल्याच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार हे मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथं घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत, कुणीही जाऊन बसून वाचावीत. सगळ्यांना तिथं जाणं जमणार नाही. पण बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक शाळेच्या कपाटात असतात. गुरुजींना विचारा, घरी देतील. घरात मोठ्यानं वाचायची सवय लावा. वाचता न येणाऱ्या आजीला नातीनं वाचून दाखवायचं, हा आमच्याकडे सगळ्यात टिकलेला उद्योग आहे. आजी मध्येच थांबवून विचारते, "मग त्यानं असं का केलं?" नातीला पान उलटून परत बघावं लागतं. गोष्ट दोघींनाही कळते.

टीव्ही नसलेल्या घरात वर्षाचे सण पोरांच्या हातात येतात, हेही आम्हाला जाणवलं. बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला झोका, दिवाळीत किल्ला. किल्ल्याचं काम आठ-आठ दिवस चालतं. दगड, विटा, पोती, माती, वर मोहरी किंवा अळीव पेरून उगवलेली हिरवळ, कोपऱ्यात विहीर. आणि हादगा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढून पोरी फेर धरतात. रोज एक गाणं वाढतं, शेवटी खिरापत ओळखायची असते. डबा वाजवून, वास घेऊन, "आंबट का गोड, ओलं का सुकं" असं विचारत विचारत ओळखायचं. आयाही मुद्दाम ओळखता येणार नाही असं काहीतरी करतात. एकीनं भाजलेल्या वाटाण्यांना तिखट-मीठ लावून केळीच्या पानात गुंडाळलं होतं, कुणालाच ओळखता आलं नाही आणि तिची मुलगी दोन दिवस मिरवत होती.

सगळ्या गावानं मिळून टीव्ही बंद ठेवला तर काय होतं, हे बघायला लांब जायला नको. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. उसाचं गाव. तिथं ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत गावात टीव्ही आणि मोबाईल बंद. कोरोनात शाळा मोबाईलवर भरल्या, पोरांना त्याची चटक लागली आणि शाळा उघडल्या तरी ती सुटेना, हे तिथं लक्षात आलं. ही कल्पना मांडली तेव्हा आधी लोकांनी हसण्यावारी नेली. मग बायकांना बोलावलं गेलं. आपणही मालिकांत आणि मोबाईलमध्ये फार वेळ घालवतो हे बायकांनी मान्य केलं, आणि तिथून गोष्ट पुढं सरकली. सुरुवातीला ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशाताई, अंगणवाडी सेविका घरोघर जाऊन आठवण करून द्यायच्या.

यातली दीड तासाची गोष्ट आम्हाला पटली. दिवसभर बंद असं कुणी म्हटलेलं नाही. आणि सगळ्यांचा एकाच वेळी बंद, हे त्यातलं खरं शहाणपण. एकट्या घरानं बंद केला तर पोर शेजारच्या खिडकीत जाऊन उभं राहतं. सगळ्या गल्लीचा बंद असेल तर शेजारचं पोरही बाहेर येतं, आणि खेळायला चार जण मिळतात. आमच्या लहानपणी हे काम भारनियमन करायचं. २००५च्या सुमाराला गावोगाव तासन् तास वीज नसायची. त्या वेळी आम्ही शिव्याच घातल्या, कारण अभ्यास कंदिलावर व्हायचा. पण सगळी आळी अंगणात यायची, हेही तितकंच खरं.

मोबाईलबद्दल वेगळं बोलायला हवं, आज वेळ नाही. एवढंच सांगतो, की टीव्ही बंद करून पोराच्या हातात मोबाईल दिला तर काहीच साधलं नाही. टीव्ही निदान सगळ्यांचा असतो. मोबाईल घेऊन पोर गोधडीत शिरतं आणि काय बघतंय ते कुणाला कळत नाही.

आणि आम्ही टीव्हीच्या वाईटावर उठलेल्या नाही. शेतीचे कार्यक्रम बघून आमच्या गटातल्या बायकांनी शेवग्याची लागवड केली आहे. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' ही ज्यांच्याकडे चांगला मोबाईल नव्हता त्या पोरांची शाळाच होती.

एका बैठकीत आमच्या एका ताईंनी टीव्हीसाठी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं. काही जणी म्हणाल्या, शेळीला द्या, मशीनला द्या, टीव्हीला कशाला? त्यावर ताई म्हणाल्या, "माझी पोरं दुसऱ्याच्या दारात उभी राहून टीव्ही बघत्यात. आत या असं कुणी म्हणत नाही. तुमच्या घरात टीव्ही आहे, तुम्ही तो बंद करता. माझ्या घरात नाहीच, मी काय बंद करू?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. टीव्ही असून न लावणं आणि टीव्ही नसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत घराचा निर्णय असतो, दुसरीत पोराला कमीपणा वाटतो. दुसऱ्याच्या गरिबीला साधेपणा म्हणून तिचं कौतुक करणं आम्हाला जमणार नाही. गटानं कर्ज मंजूर केलं, नेहमीच्या व्याजानं, नेहमीच्या हप्त्यानं. ताईंच्या घरी टीव्ही आला. सात ते साडेआठ तो त्यांच्याही घरी बंद असतो, बाकी गल्लीसारखाच. क्रिकेटचा सामना असला की मात्र आमच्या गल्लीतला नियम अजून मोडतो, आणि मोडणारी पोरं नसतात, त्यांचे बाप असतात. त्यावर काय करायचं ते पुढच्या बैठकीत ठरेल.

तोवर तुमच्याकडे एक काम. तुमच्या गावात चल्लस-आठला काय म्हणतात, नियम कुठं वेगळे आहेत, तुमच्या आजीला आणखी कुठला बैठा खेळ येतो, हे पोरांकडून एका कागदावर लिहून घ्या. आजीनं सांगायचं, नातवंडांनी लिहायचं. कागद गटाच्या बैठकीत आमच्याकडे द्या किंवा केंद्रावर पाठवा. जमलेले खेळ आम्ही पोरांच्याच आवाजात इथं ऐकवू.